जनसुरक्षा विधेयकाचे कागद: कुठे असतात, कसे मागायचे, नकार आला तर काय करायचं

दप्तरदार

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर, म्हणजे संघटना बेकायदेशीर ठरवून बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकावर, इथे बरीच चर्चा झाली, पण मूळ कागद वाचून बोलणारे कमी दिसले. म्हणून वेगळा धागा काढतो आहे. कायदा चांगला की वाईट यावर जरूर बोला, फक्त त्याआधी कोणता कागद कोणाच्या कपाटात आहे ते समजून घेऊ.

आधी क्रम. विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलं. त्यानंतर विधानसभेची मुदत संपली आणि ते व्यपगत झालं. नव्या विधानसभेत, डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष होते महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. ९ जुलै २०२५ ला अहवाल पटलावर आला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक संमत केलं.

हा क्रम माहिती अधिकाराच्या अर्जात कामाला येतो. नुसतं 'जनसुरक्षा विधेयक २०२४' लिहिलंत तर जुलैच्या व्यपगत विधेयकाची फाइल पुढे येऊ शकते. 'डिसेंबर २०२४ च्या अधिवेशनात पुर:स्थापित केलेले' असं लिहा.

समितीने तीन ठळक बदल केले. दीर्घ शीर्षकात आधी 'व्यक्ती आणि संघटना यांची बेकायदेशीर कृत्ये' असा विस्तार होता, तिथे 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' आलं. बंदीचं प्रकरण तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली: अध्यक्ष उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश, सोबत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील. तिसरा बदल म्हणजे तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करणार.

'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येचा गाभा मात्र तसाच राहिला. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका निर्माण करणं, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणणं किंवा तसा कल असणं, प्रस्थापित कायदा न पाळण्याला उत्तेजन देणं किंवा त्याचा प्रचार करणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा अशा: बंदी घातलेल्या संघटनेचं सदस्यत्व, बैठकीत भाग घेणं किंवा वर्गणी देणं यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत करणं किंवा आसरा देणं यासाठी २ वर्षं आणि २ लाख. प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्यासाठी ७ वर्षं आणि ५ लाख. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आता कागदांचा मुद्दा. संघटना बेकायदेशीर ठरवण्याची अधिसूचना काढताना सरकारने कारणं द्यायची आहेत, पण जी तथ्यं उघड करणं जनहिताविरुद्ध वाटेल ती देण्याचं बंधन नाही. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा मजकूर झाकायची परवानगी कायद्यातच आहे. माझं ठाम मत असं की झाकलेल्या मजकुरामागे धावण्यात वर्षं घालवण्यापेक्षा आधी त्याच्या अवतीभवतीचे कागद मागावेत: तारखा, आदेश, परवानग्या, संख्या. गोपनीयतेचं कारण देऊन तारीख नाकारणं अवघड असतं, आणि कायदा पाळला की नाही हे बहुतेक वेळा तारखेवरूनच कळतं. अधिसूचना निघाल्यावर सहा आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे पाठवायचं आहे आणि मंडळाने तीन महिन्यांत अहवाल द्यायचा आहे. संघटनेला म्हणणं मांडायला १५ दिवस आहेत. या प्रत्येक टप्प्याला आवक-जावक क्रमांक असतो.

कुठे काय मिळतं ते सांगतो. विधेयकाचा मांडलेला मसुदा, उद्देश व कारणांचं निवेदन आणि वित्तीय ज्ञापन शासन राजपत्र असाधारणच्या भाग पाचमध्ये असतं. संमत अधिनियम भाग चारमध्ये, इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. समितीचा अहवाल, सभागृहाची कार्यवाही आणि सूचना-हरकतींचे गठ्ठे विधानमंडळ सचिवालयाकडे. मसुदा कसा तयार झाला, मंत्रिमंडळ टिप्पणी, विधि व न्याय विभागाचे अभिप्राय हे गृह विभागाच्या संबंधित कार्यासनाच्या नस्तीत (फाइलमध्ये). अधिनियम अमलात कधी आला हे बातमीवरून ठरवू नका. राजपत्रातला अधिनियम क्रमांक आणि प्रारंभाची तारीख या दोन गोष्टी पाहा.

सीमा_लातूर

दप्तरदार, फार उपयोगी. दोन प्रश्न. 'कोणत्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिलं' हे माहिती अधिकारात मागता येतं का? आणि विधानमंडळाकडे अर्ज नेहमीच्याच नमुन्यात चालतो का?

कलम_एकोणीस

सीमाताई, पहिल्याचं उत्तर नाही. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचे बरेच अर्ज वाचतील. हे विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. आवाजी मतदानात अध्यक्ष 'होय' आणि 'नाही' ऐकून निर्णय जाहीर करतात, नावानिशी नोंद होत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावांची यादी तयार होते. जो अभिलेख अस्तित्वातच नाही तो तयार करून द्यायचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुम्हाला मिळू शकते ती त्या दिवसाची कार्यवाही. कोण काय बोललं, कोणी विरोध नोंदवला ते त्यात सापडतं. विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी विरोध केला तो कार्यवाहीत दिसेल, विधान परिषदेतला विरोधकांचा सभात्यागही दिसेल. संयुक्त समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते, तरी अहवालाला भिन्न मतपत्रिका (असहमत सदस्यांचं लेखी मत) जोडलेली नाही. मला ही या सगळ्या प्रक्रियेतली मोठी उणीव वाटते. भिन्न मतपत्रिका अहवालाबरोबर छापली जाते आणि कायद्याला आव्हान दिलं गेलं तर वकिलाच्या हाती एक तयार कागद असतो.

दुसरा प्रश्न. विधानसभेसाठी 'सक्षम प्राधिकारी' अध्यक्ष आहेत आणि परिषदेसाठी सभापती. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २८ खाली त्यांना स्वतःचे नियम करता येतात (पुढे नुसतं कलम लिहिलं की याच अधिनियमाचं). म्हणून मंत्रालयासाठीची सवय इथे जशीच्या तशी चालेल असं धरू नका. शुल्क किती, कोणत्या रूपात, कोणाच्या नावे, हे सचिवालयाच्या कलम ४ खालच्या प्रकटनात (स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीत) आधी पाहा. चुकीच्या रूपातल्या शुल्कामुळे अर्ज परत येतो आणि महिना जातो.

सचिवालय ८(१)(ग) दाखवू शकतं, म्हणजे विधानमंडळाचा विशेषाधिकार भंग. अहवाल पटलावर येण्याआधी ते सबळ कारण आहे. पटलावर आल्यानंतर अहवालाची प्रत, बैठकांच्या तारखा आणि उपस्थिती यांना ते लागू करायचं असेल तर कोणता विशेषाधिकार कसा भंगतो ते सांगायला हवं. नुसतं कलम लिहून चालत नाही: नकार समर्थनीय होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे.

वाचक_गडचिरोली

इथे एक बाजू सुटते आहे, म्हणून लिहितो. गडचिरोलीत खबऱ्या असल्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत. अधिसूचनेतली तथ्यं झाकायची तरतूद कोणी तरी मनमानी करण्यासाठी घातली असं समजू नका. कोणत्या गावातून माहिती आली एवढं बाहेर पडलं तरी एखाद्याचा जीव जाऊ शकतो. विधेयकाच्या उद्देशांत छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत आणि तिथे ४८ संघटनांवर बंदी घातली आहे असं म्हटलं आहे. मग सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यांनी काय करायचं? तथ्यं झाकण्याची सोय यूएपीएतही, म्हणजे केंद्राच्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातही, आहेच की.

दप्तरदार

वाचक, मुद्दा मान्य आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. खबऱ्याचं नाव कोणी मागत नाही आणि मागू नये. ८(१)(छ) मध्ये जीविताला धोका आणि माहितीचा स्रोत या दोन्हींचं संरक्षण आधीपासून आहे. कलम १० प्रमाणे तेवढा भाग काळा करून उरलेला देता येतो.

यूएपीएशी तुलना मात्र पुढे नेऊन पाहा. तथ्यं झाकण्याची सोय तिथे आहे हे खरं, पण बंदी न्यायाधिकरणापुढे जाते. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश सुनावणी घेतो, दोन्ही बाजू पुरावा देतात. १९९५ च्या जमात-ए-इस्लामी हिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोपनीय सामग्री समोरच्याला दिली नाही तरी न्यायाधिकरणाने ती स्वतः पाहून तिची विश्वासार्हता तपासलीच पाहिजे. इथे त्या जागी सल्लागार मंडळ आहे. त्याहून जुना निकाल आहे १९५२ चा, मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो. मद्रासच्या कायद्यात सरकारने संघटना बेकायदेशीर ठरवायची आणि प्रकरण सल्लागार मंडळाकडे पाठवायचं अशीच रचना होती. घटनापीठाने ती रद्द केली. संघटना करण्याच्या मूलभूत हक्कावरचं बंधन न्यायालयीन चौकशीत तपासलं जाण्याची सोय तिथे नव्हती, आणि मंडळाकडून होणारी संक्षिप्त, बरीचशी एकतर्फी तपासणी तिची जागा घेऊ शकत नाही असं कोर्टाने म्हटलं. आताच्या मंडळावर न्यायाधीश आहेत, संघटनेला म्हणणं मांडता येतं, म्हणून दोन्ही कायदे एकच असं मी म्हणणार नाही. पण मंडळाचं काम कसं चालतं याचे कागद बाहेर येणं का महत्त्वाचं आहे ते या निकालावरून कळतं. अधिसूचनेला उच्च न्यायालयाखालच्या कोर्टात आव्हान नाही, त्यामुळे सामान्य माणसासमोर कागद एवढंच साधन उरतं.

मसुदाकार

दीर्घ शीर्षकाबद्दल थोडं सांगतो, कारण समितीचा तो बदल सर्वांत मोठा म्हणून दाखवला गेला. अर्थ लावताना कोर्ट दीर्घ शीर्षक आणि उद्देशिका पाहतं, पण कलमाची भाषा संदिग्ध असेल तेव्हा. कलमाचे शब्द स्पष्ट असतील तर शीर्षक त्यांना आवळू शकत नाही. 'कडव्या डाव्या' हे शब्द व्याख्येच्या खंडात घातले असते तर परिणाम वेगळा झाला असता. 'तत्सम' हा शब्द शीर्षकातही दार उघडं ठेवतो.

म्हणून मसुद्याची नस्ती मागताना नेमकं हे मागा: समितीच्या शिफारशीनंतर व्याख्येच्या खंडात बदल करण्याबाबत गृह विभाग आणि विधि व न्याय विभाग यांच्यात झालेल्या टिपण्यांच्या प्रती. असा विचार झालाच नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येईल, आणि ते उत्तरही कामाचं आहे.

मंत्रिमंडळ टिप्पणीला ८(१)(झ), म्हणजे मंत्रिमंडळाच्या कागदांची सूट, दाखवून नकार येतो. त्याच कलमाचं परंतुक (अपवाद सांगणारी पुरवणी) वाचा: निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती जाहीर करायची आहे. विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाल्यावर मांडण्याचा निर्णय 'अपूर्ण' कसा, हा एक प्रश्न अपिलात पुरतो.

सीमा_लातूर

धन्यवाद. सूचना-हरकती पाठवणाऱ्यांची नावं मागितली तर? आमच्याकडे काहींना खात्री करायची आहे की त्यांची पत्रं पोचली होती.

कलम_एकोणीस

नावांची यादी मागू नका. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ८(१)(ञ), म्हणजे व्यक्तिगत माहितीची सूट, बदललं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विदा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले तेव्हापासून हा बदल लागू आहे. आधीच्या कलमात 'सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेली' आणि 'खासगीपणात अवाजवी आक्रमण करणारी' अशा अटी होत्या. व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची हेही त्या कलमातच होतं. आता उरलं आहे फक्त 'व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती'. 'जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही' हे परंतुकही गेलं. मला यातलं सर्वांत जास्त दुःख त्या परंतुकाचं आहे. आमदाराला तारांकित प्रश्नात जे मिळतं ते मतदारालाही मिळायला हवं, हे कायद्यात इतक्या सरळ शब्दांत दुसरीकडे कुठेच नव्हतं.

उरलेली वाट म्हणजे कलम ८(२). संरक्षित हितापेक्षा उघड करण्यातलं जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. ते कलम शाबूत आहे. मात्र जनहित कोणतं, ते अर्जातच दोन ओळींत लिहा. अपिलात पहिल्यांदा लिहिलं तर 'अर्जात नव्हतं' असं ऐकावं लागतं.

तुमच्या कामासाठी मागणी अशी करा: एकूण किती सूचना-हरकती आल्या, व्यक्तींच्या किती, संस्थांच्या किती, पूर्ण विरोधाच्या किती (असं वर्गीकरण केलेलं असल्यास), आणि समितीपुढे ठेवलेल्या गोषवाऱ्याची प्रत. ज्यांना स्वतःचं पत्र पोचलं का ते पाहायचं आहे त्यांनी स्वतःच्या नावाने, पाठवल्याची तारीख आणि स्पीड पोस्ट क्रमांक देऊन आवक नोंदीची प्रत मागावी. स्वतःची माहिती स्वतःला देताना व्यक्तिगततेचं कारण टिकत नाही.

शिरस्तेदार

अर्जाच्या अंगाबद्दल लिहितो, कारण इथेच निम्मे अर्ज पडतात.

राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. या मर्यादेवर बोट ठेवून अर्ज परत करतात, म्हणून शब्द मोजून टाका. ए-४ प्रतीला पानाला २ रुपये. मंत्रालयातल्या विभागांसाठी ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे विभाग निवडताना चूक करू नका. चुकलाच तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत हस्तांतर व्हायला हवं.

प्रश्नार्थक वाक्य लिहू नका. 'का केलं', 'कोण जबाबदार' यांना उत्तर मिळत नाही. 'प्रत द्यावी', 'पाहणी करू द्यावी' असं लिहा. अधिसूचना निघाली असेल त्या प्रकरणासाठी असा मजकूर चालेल:

'महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा अधिनियमाखाली दि. ____ रोजी प्रसिद्ध झालेल्या अधिसूचना क्र. ____ बाबत: (१) प्रकरण सल्लागार मंडळाकडे पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक. (२) संबंधित संघटनेला नोटीस बजावल्याचा दिनांक व बजावणीच्या पोचेची प्रत. (३) मंडळाच्या बैठकांचे दिनांक. (४) मंडळाचा अहवाल शासनास प्राप्त झाल्याचा दिनांक. (५) अहवालावर शासनाने काढलेल्या आदेशाची प्रत. यातील कोणताही भाग सूट असल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उर्वरित माहिती द्यावी. गोपनीय स्रोतांची नावे मागितलेली नाहीत.'

शेवटचं वाक्य ठेवाच. त्यामुळे ८(१)(छ) चा सरसकट वापर अडतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण ते कारण अर्जाच्या डोक्यावर लिहा आणि उगाच वापरू नका. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यायची असते. पानांचे पैसे कळवणारं पत्र एकतिसाव्या दिवशी निघालं असेल तर पैसे भरण्याआधी त्याचा जावक दिनांक पाहा.

नस्ती_क्रमांक

शिरस्तेदार, एक भर. गृह विभागाकडे केलेला अर्ज ६(३) खाली राज्य गुप्तवार्ता विभागाकडे ढकलला जाण्याची शक्यता असते. कलम २४(४) प्रमाणे राज्य शासन अधिसूचनेने गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना कायद्याबाहेर ठेवू शकतं, आणि हा विभाग तसा ठेवलेला आहे. तिथे गेलेला अर्ज 'कायदा लागू नाही' म्हणून संपतो. मंत्रालयातल्या गृह विभागाला ही सूट नाही. म्हणून अर्जातच लिहा: 'गृह विभागाच्या ताब्यातील अभिलेखापुरती मागणी आहे.' ताब्यात असलेला कागद हस्तांतर करून टाळता येत नाही.

सूट असलेल्या संघटनेकडूनही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग यांबद्दलची माहिती मागता येते. मानवी हक्कभंगाच्या बाबतीत राज्य माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ४५ दिवसांची असते.

अनुराधा_पु

एफआयआरबद्दल कोणी सांगेल का? या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला तर प्रत कुठून मिळणार?

कलम_एकोणीस

यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला. एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची, अडचण असेल तर ४८, आणि दुर्गम भागात फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद, बंडखोरी असे संवेदनशील गुन्हे वगळले आहेत. जनसुरक्षा कायद्याखालची एफआयआर 'संवेदनशील' म्हणून रोखली जाण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पुढची पायरी आधीच माहीत असू द्या. न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यानेच घ्यायचा. व्यथित व्यक्तीने ओळख देऊन पोलीस अधीक्षकाकडे अर्ज केला की तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत निर्णय द्यायचा आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत हाच अर्ज पोलीस आयुक्तांकडे. आरोपीला किंवा त्याच्या वतीने अर्ज करणाऱ्याला पोलीस ठाण्याकडून २४ तासांत प्रत मिळायला हवी आणि कोर्टातून प्रमाणित प्रत दोन कामकाजाच्या दिवसांत.

या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगीच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक मागा. एफआयआरच्या तारखेनंतरची परवानगी निघाली तर बचावासाठी तो पहिला मुद्दा ठरतो.

आरोपपत्राचा हट्ट मात्र माहिती अधिकारातून करू नका. जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपपत्रं सरसकट संकेतस्थळावर टाकायची मागणी फेटाळली. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही असं त्यात म्हटलं आहे. आरोपीला ते कोर्टाकडून मिळतंच.

'तपास चालू आहे' म्हणून ८(१)(ज) लावलं जाईल. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त हा निकाल अपिलात जोडा. तपास चालू असणं एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल ते दाखवावं लागतं.

वाचक_गडचिरोली

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्ही चित्रणाचंही सांगा. दुर्गम भागात लोकांना मुख्य भीती ठाण्यात नेल्यावर काय होतं याची असते, आणि आमच्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच दिवस जातो.

शिरस्तेदार

परमवीर सिंग सैनी प्रकरणात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष, निरीक्षकाची खोली, कोठडीबाहेरची जागा असे कॅमेरे आणि १८ महिन्यांचं चित्रण जपण्याचा आदेश दिला. तेवढी साठवण मिळत नसेल तर कमीत कमी एक वर्ष. प्रत्यक्षात यंत्राची साठवणक्षमता कमी असेल तर जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी दोन कागद टाका. पहिला पोलीस अधीक्षकांना साधं पत्र: अमुक ठाणं, दिनांक, वेळ कधीपासून कधीपर्यंत, चित्रण जतन करावं. हे पत्र स्पीड पोस्टने पाठवता येतं, जिल्ह्याला जायची गरज नाही. दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज. वेळेची चौकट शक्यतो तासाभराची ठेवा. दिवसभराचं चित्रण मागितलं की 'साधनसामग्रीवर अवाजवी ताण' हे कलम ७(९) चं उत्तर येतं. ७(९) मुळे माहिती देण्याचं रूप बदलू शकतं, माहिती नाकारता येत नाही.

नस्ती_क्रमांक

'नस्ती सापडत नाही' या उत्तरावर: अधिनियमात ही सूट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या विश्वास भांबुरकर प्रकरणात चौकशी करून जबाबदारी ठरवण्याबद्दल सांगितलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. नस्ती कोणत्या वर्गात घातली ते आधी मागा: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क-१' १० वर्षं, 'क' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. नष्ट केली म्हणत असतील तर नष्ट केल्याची यादी आणि आदेशाची प्रत मागा. बंदीची अधिसूचना आणि मंडळाचा अहवाल 'ड' वर्गात गेला तर वर्षभरात सगळं संपेल, म्हणून वर्गीकरणावर आत्ताच लक्ष ठेवायला हवं.

जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, सामान्य प्रशासन विभागाचा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. मंत्रालयाला तो लागू नाही. पण जिल्हादंडाधिकाऱ्याने या कायद्याखाली एखादी जागा अधिसूचित करून ताब्यात घेतली तर आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातच असतो. सोमवारी पाहून पानांचे क्रमांक टिपून घ्या, मग अर्जात तेवढीच पानं मागा.

सीमा_लातूर

पहिल्या अपिलात नेहमी जुनाच आदेश कायम होतो. मग थेट आयोगाकडे तक्रार करू का?

कलम_एकोणीस

नका करू. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील वेगळं आहे. २०११ च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रारीत आयोग दंड लावू शकतो, माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी तर अपीलच. पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत, कारणं लिहून फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये.

पहिल्या अपिलाकडे औपचारिकता म्हणून पाहू नका. महाराष्ट्राच्या आयोगाकडे प्रलंबित अपिलं लाखाच्या घरात गेलेली आहेत आणि दुसऱ्या अपिलाला कायद्यात मुदत नाही. तिथे वर्षं जाऊ शकतात. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला जाताना तीन ओळींचं लेखी म्हणणं द्या आणि त्यावर पोच घ्या: कोणतं कलम लावलं, त्यासाठी कोणतं कारण दिलं नाही, कलम १० का वापरलं नाही. आदेशात या तिन्हींची उत्तरं नसतील तर आदेश सकारण नाही हा मुद्दा दुसऱ्या अपिलासाठी तयार होतो.

दुसऱ्या अपिलाबरोबर मूळ अर्ज, शुल्काचा पुरावा, माहिती अधिकाऱ्याचं उत्तर, पहिलं अपील आणि त्याचा आदेश अशा सगळ्यांच्या स्वसाक्षांकित प्रती, वर अनुक्रमणिका. आदेश आलाच नसेल तर ४५ दिवस कधी संपले ती तारीख अपिलात लिहा. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची मागणी करायची असेल तर उशीर किती दिवसांचा ते मोजून लिहा. गृह विभागाचं कार्यालय मुंबईत, म्हणून त्याचं अपील मुंबईला, तुम्ही लातूरला राहत असलात तरी. लातूरच्या जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाविरुद्धचं अपील छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाईल.